दख्खनचा वड आणि साष्टीची ओवी

इंग्रज कवी मिल्टन याची आणि माझी पहिली भेट शाळेच्या स्नेहसंमेलनात झाली, आणि त्या भेटीत आम्हां दोघांपैकी एकाचेही समाधान झाले नाही. आपल्या अंधत्वावर त्याने लिहिलेले चौदा ओळींचे सुनीत मी पाठ केले होते. उच्चार घोटून घेतले होते, हात कुठे वर न्यायचा तेही ठरले होते. टाळ्या पडल्या, बक्षीस म्हणून एक फाउंटन पेन मिळाले. घरी आलो तेव्हा आजी वाती वळत बसली होती. तिने सगळे कौतुकाने ऐकून घेतले आणि विचारले, "छान म्हटलंस. पण तो म्हणतो काय रे?"

मला सांगता येईना. कवी आंधळा होता, एवढेच काय ते मी सांगू शकलो.

त्या एका प्रश्नाने मी जो खजील झालो, तो पुढे कित्येक वर्षे. माझी मजल मॅट्रिकच्या पुढे गेली नाही. शाळेत मास्तर झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या. पण मिल्टनचे नाव निघाले की मी गप्प बसे. 'पॅरॅडाइज लॉस्ट' हे त्याचे महाकाव्य मी तीनदा उघडले आणि तीनदा मिटले. त्याचे एक एक वाक्य सोळा ओळी चालते, कर्ता एका पानावर आणि क्रियापद दुसऱ्या पानावर. दरवाजा मोठा, कड्या भक्कम, आणि आपल्या हाती किल्ली नाही, असे वाटे. ती किल्ली मला सापडली अप्पा बळवंत चौकाजवळ, जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात आणि तीही मराठीत. ती हकीकत यंदाच्या दिवाळीत वाचकांना सांगावी, असे मनात आहे.

वसुबारसेचा दिवस होता. मुलांसाठी किल्ल्यावरची मातीची चित्रे घ्यायला निघालो होतो. वाटेत जुन्या पुस्तकवाल्याकडे सवयीने डोकावलो, तर 'ख्रिस्तपुराण' असे नाव असलेला एक जाडजूड ग्रंथ हाती आला. आत 'प्रसाद प्रकाशन, पुणे' आणि साल १९५६. संपादक शांताराम बंडेलू. कर्ता फादर स्टीफन्स. पहिले पान वाचले आणि तिथेच उभा राहिलो. समोर चक्क ओवी होती. आपली, घरातली, जात्यावरची आणि पोथीतली ओवी! देवाला नमन, त्याच्या सामर्थ्याचे वर्णन, मग कथेचा आरंभ. सारी मांडणी पुराणाची. आणि हे लिहिणारा माणूस जन्माने इंग्रज.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मला. पुढे इंग्लंडात राणी एलिझाबेथचे राज्य येऊन जुन्या कॅथॉलिक पंथाच्या लोकांना दिवस वाईट आले होते. थॉमस पाउंड नावाचा त्याचा एक जिवलग मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि जेझुइट संघात शिरायचे, असा बेत होता. निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि श्रद्धेपायी त्याने पुढची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स निसटला. १५७५ साली तो रोममध्ये संघात दाखल झाला, १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसला आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला, नोंद असलेला हा पहिला इंग्रज होय. ईस्ट इंडिया कंपनीचा जन्म व्हायला तेव्हा अजून एकवीस वर्षे अवकाश होता. इंग्रज आला म्हणजे तराजू घेऊन आला, अशी आपली समजूत. पण पहिला आला तो ओवी शिकला!

पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली देह ठेवीपर्यंत, तो गोव्यातच राहिला आणि त्यांतील बहुतेक काळ त्याने साष्टीत घालवला. इथली भाषा तो अशी शिकला की तिचे व्याकरण लिहिले. ते त्याच्या मरणानंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले आहे की या देशातील भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. हीच गोष्ट सर विल्यम जोन्सने कलकत्त्याला १७८६ साली सांगितली आणि तिथून भाषाशास्त्राचे नवे युग सुरू झाले. साष्टीच्या पाद्र्याने ती दोनशे वर्षे आधी कानाने टिपली होती.

'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्याचे दोन भाग. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा छत्तीस अध्यायांत, आणि दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र एकोणसाठ अध्यायांत. अध्यायाला तो 'अवस्वरू' म्हणतो. एकूण ओव्या सुमारे अकरा हजार.

आजीचे डोळे तेव्हा अधू झाले होते. पांडवप्रताप आणि हरिविजय तिला पाठ झाल्यासारखेच होते. नवे काही ऐकायची हौस मात्र दांडगी. त्या संध्याकाळी मी तिच्यापुढे हे पुस्तक उघडले आणि काही न सांगता वाचू लागलो. देवदूतांचे बंड झाले. आदाम आणि एवा आली. फळ खाल्ले गेले. आजी हुंकार देत होती. एखादा शब्द अडला तर माझ्याआधी तीच अर्थ लावत होती. जुन्या मराठीशी तिचा संबंध माझ्यापेक्षा जवळचा होता. स्वर्गाला कवी वैकुंठ म्हणतो, याचे तिला मुळीच नवल वाटले नाही. "दुसरं काय म्हणणार?" ती म्हणाली. मग वाचता वाचता थांबवून तिने विचारले, "पण हा बाबा कोण, कुठला?"

मी सांगितले, "आजी, हा इंग्रज पाद्री. गोव्याचा. साष्टीतला."

तिचा हात वातींवर थांबला. "साष्टी? म्हणजे आपल्या देवीची साष्टी?"

आमचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. पण देवी मूळची कवळ्याची नव्हे, हे आमच्या घरात लहान मूलही जाणते. देवीचे मूळ स्थान केळशी, साष्टी प्रांतातले. पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा भक्तांनी देवीला उचलले आणि जुवारी नदीपलीकडे, आदिलशाही मुलखात, कवळ्याला नेले. कुशस्थळीचा मंगेश असाच प्रियोळला गेला. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय बसले आणि १५६७ साली साष्टीतली उरलीसुरली देवळे सरकारी हुकमाने जमीनदोस्त झाली. देव गेले, देवांबरोबर माणसे गेली, आणि जी माणसे मागे राहिली त्यांच्या घरातल्या पोथ्या गेल्या. आमचे पूर्वज त्याच वाटेने हळूहळू घाटावर आले, असे आजी सांगे.

स्टीफन्स गोव्यात आला तो या सगळ्यानंतर बारा वर्षांनी. देवळे त्याने पाडली नाहीत. पण पाडणाऱ्यांच्या राज्याच्या आश्रयाने तो तिथे राहिला. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी संतापाने पाच जेझुइट पाद्र्यांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारात राहून आलेला रुडॉल्फ आक्वाविवा होता. त्यांची प्रेते ताब्यात घेऊन पुरण्याची व्यवस्था स्टीफन्सनेच पाहिली. पुढे त्या गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि मारले. रक्त दोन्हीकडचे सांडले, आणि आपला कवी त्या रक्ताच्या अगदी काठावर उभा होता.

हे सारे मी आजीला सांगितले. न सांगून चालले नसते. ती काही बोलली नाही. उठली, देवीपुढे दिवा लावला आणि जपाला बसली. मी पुस्तक मिटून फडताळात ठेवले. मला वाटले, संपले.

पण माझ्या मनातून ते जाईना. रात्री एकटाच वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की ज्या गोष्टीने आजी उठून गेली, ती गोष्ट कवीने लपवलेलीच नाही. ग्रंथाचा आरंभच तिच्यावर उभा आहे. रविवारचा दिवस, साष्टीतले एक देऊळ, म्हणजे ख्रिस्ती मंदिर. पाद्री मुलांना धर्माचे पाठ देत आहे. तेवढ्यात एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण उठतो आणि म्हणतो, तुम्ही शिकवता ते उत्तमच आहे. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढच्या अकरा हजार ओव्या.

वाचकहो, जरा विचार करा. जगातल्या किती महाकाव्यांचा आरंभ श्रोत्याच्या तक्रारीने होतो? त्या ब्राह्मणाचा आवाज नम्र आहे. पण त्यात एक रितेपणा आहे. घरातली पोथी गेली, संध्याकाळ रिकामी झाली. धर्म बदलला तरी कथेची भूक राहिली. आणि स्टीफन्सचे मोठेपण असे की त्याने ती भूक ओळखली. नुसत्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकाने माणूस जगत नाही, हे त्याला कळले.

आता मिल्टनकडे वळू. स्टीफन्सचे पुराण छापले गेले तेव्हा मिल्टन आठ वर्षांचा मुलगा होता. लंडनच्या ब्रेड स्ट्रीटवर १६०८ साली तो जन्मला; आपल्या तुकोबांचे जन्मवर्षही पुष्कळ अभ्यासक हेच धरतात. तरुणपणी तो राजाविरुद्धच्या पक्षाला मिळाला. राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आले, त्याचा तो परराष्ट्र-पत्रव्यवहाराचा चिटणीस झाला. १६५२ पर्यंत दोन्ही डोळे गेले. १६६० साली राजाचा मुलगा गादीवर परत आला आणि सारा डाव उलटला. मिल्टन काही काळ लपून राहिला, मग पकडला गेला. त्याची पुस्तके चौकात जाळण्यात आली. जीव वाचला, बाकी काही उरले नाही. अशा स्थितीत, आंधळा, हरलेला, स्वतःच्याच शहरात परका झालेला हा माणूस ओळी मनात रचून दुसऱ्यांकडून लिहवून घेऊ लागला. १६६७ साली ग्रंथ निघाला. हस्तलिखिताचे त्याला सुरुवातीला पाच पौंड मिळाले. दुसरी आवृत्ती १६७४ ची. आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला ते वर्ष. त्याच वर्षी मिल्टन वारला.

त्याच्या भाच्याने लिहून ठेवले आहे की मिल्टन आपल्या मुलींना ग्रीक, लॅटिन, हिब्रू अशा भाषांतली पुस्तके मोठ्याने वाचायला लावी. मुलींना त्या भाषा कळत नसत. फक्त उच्चार येत. हे वाचले तेव्हा मला स्नेहसंमेलनातला तो मुलगा आठवला. मिल्टनच्या मुली आणि मी, आम्ही एकाच इयत्तेत होतो म्हणायचे!

मात्र स्टीफन्सच्या ओव्या वाचून मिल्टन उघडला, तेव्हा तो चौथ्या खेपेला उघडला. कथा आता माझ्या ओळखीची झाली होती. पात्रे कोण, कुठून येतात, कुठे जातात, हे मराठीत ठाऊक झाले होते. मग लांब वाक्येही पुढे सरकू लागली.

कथा तीच; पण दोघांच्या हातांत ती किती वेगळी होते! स्टीफन्सच्या पुराणात आदाम-एवेचे पतन हा केवळ आरंभ आहे. पहिल्या काही अवस्वरूंत ते घडते आणि कथा पुढे जाते; कारण त्याच्या श्रोत्यांना सगळी हकीकत प्रथमपासून सांगायची होती. मिल्टनच्या वाचकांना ती पाळण्यापासून पाठ होती. म्हणून मिल्टन त्या एका घटनेवर बारा सर्ग आणि दहा हजारांहून अधिक ओळी खर्च करतो. काय घडले हे स्टीफन्स सांगतो. का घडले याचा मिल्टन शोध घेतो. पुराणिक आणि नाटककार यांच्यात जो फरक, तोच इथे.

मिल्टनचा सैतान पाहा. स्वर्गातून फेकला गेलेला, आगीच्या सरोवरात पडलेला, तरी मान न वाकवणारा. पहिल्या दोन सर्गांतली त्याची भाषणे वाचताना आपण नकळत त्याच्या बाजूचे होतो. विल्यम ब्लेक या कवीने तर म्हटले की मिल्टन स्वतःच्या नकळत सैतानाच्या पक्षाचा होता. आपल्याला यात काही विशेष वाटायला नको. रावण आणि कर्ण ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हरलेल्याचा अभिमान कळतो. पण मिल्टन फसत नाही. तोच सैतान पुढे पुढे लहान होत जातो. बेडकासारखा एवेच्या कानाशी बसतो, शेवटी साप होतो. बंडखोराचे तेज आणि मत्सरी माणसाचा खुजेपणा एकाच जिवात कसे नांदतात, हे त्याने दाखवले. बंड स्वतः करून, हरून पाहिलेल्या माणसालाच हे साधावे.

मला मात्र सगळ्यांत भावला तो नववा सर्ग. तो सैतानाचा नाही, संसाराचा आहे. सकाळी बागेतल्या कामावरून नवराबायकोत वाद होतो. एवा म्हणते, आज वेगवेगळे काम करू. आदामाला ते पटत नाही. शेवटी तो जाऊ देतो. ती एकटी असताना फसते. आदामाला कोणी फसवत नाही. तिच्या हातातले फळ पाहताच त्याला सारे कळते. तरीही तो खातो, कारण तिच्यावाचून राहणे त्याला शक्य नाही. महापाप म्हणून जे जगाला सांगितले गेले, त्याच्या गाभ्याशी मिल्टनने हा जिव्हाळा ठेवला आहे. आणि मग लगेच दोघे एकमेकांना दोष देऊ लागतात, 'तुझ्यामुळे झाले' म्हणून. कुठल्या घरात हे झाले नाही? पुढच्या सर्गात भांडण मिटते, तेही एवेमुळे. ती आधी नमते, चूक स्वतःवर घेते, आणि तिथून दोघांचा सावरण्याचा आरंभ होतो.

याच नवव्या सर्गात एक गंमत आहे, ती पुण्याच्या माणसाने तरी विसरू नये. फळ खाल्ल्यावर लाज वाटून दोघे पानांनी अंग झाकतात. बायबलात अंजिराची पाने आहेत. मिल्टन मुद्दाम सांगतो की हे अंजीर नेहमीचे फळाचे नव्हे. मलबारात आणि दख्खनात जे झाड फांद्या पसरते, त्या फांद्या जमिनीत रुजून आईभोवती लेकी उभ्या राहाव्या तसे खांब होतात, आणि ज्याच्या सावलीत गुराखी ऊन टाळतो, ते झाड. म्हणजे आपला वड! माणसाची पहिली लाज झाकायला लंडनच्या आंधळ्या कवीला दख्खनचे झाड आठवले. वड त्याने कधी पाहिला नव्हता. जेरार्ड नावाच्या इंग्रजाच्या वनस्पतिग्रंथातून हे वर्णन त्याच्याकडे आले, असे अभ्यासक दाखवतात. म्हणूनच एक चूकही झाली. त्याने वडाची पाने ढालीएवढी रुंद करून टाकली. वटपौर्णिमेला फांदी आणणाऱ्या कुठल्याही बाईने ती चूक दुरुस्त केली असती.

मिल्टनला आपले झाड दुरून ऐकून माहीत होते, आणि स्टीफन्स त्या झाडाखाली चाळीस वर्षे बसला. दोघांच्या काव्यांतला भेद असाच आहे. मिल्टनने यमक झुगारले. यमक ही अडाणी काळाची खोड आहे, असे त्याने बजावून लिहिले आणि निर्यमक ओळींचा तो संथ, समुद्रासारखा नाद निर्माण केला. स्टीफन्सने आपल्याकडची साडेतीन चरणांची ओवी जशीच्या तशी घेतली, पहिल्या तीन चरणांचे यमक आणि शेवटचा आखूड चरण यांसह. मिल्टनचे काव्य एकट्याने दिव्यापाशी वाचायचे. स्टीफन्सचे दहाजणांनी बसून ऐकायचे. मध्येच कोणी शंका काढायची, सांगणाऱ्याने उत्तर द्यायचे. त्याच्या ओव्यांत ज्ञानदेव आणि एकनाथ यांच्या वाणीचे संस्कार अभ्यासकांना दिसतात. तो गोव्यात उतरला तेव्हा नाथ पैठणला हयात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे काळाचे अंतर किती थोडे होते ते कळते.

मराठीची त्याने केलेली स्तुती आपण शाळेत शिकतो आणि शिकवतोही. रत्न, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष अशा एकामागून एक उपमा देत तो मराठीला सर्व भाषांत वर बसवतो. ती स्तुती मुलांना शिकवताना मी एक गोष्ट आता आवर्जून सांगतो. हा माणूस ज्या भाषेची आरती करीत होता, तिची अक्षरे छापायला त्याच्याकडे खिळे नव्हते. गोव्यात छापखाना १५५६ साली आला, पण रोमन अक्षरांचा. १६०८ साली स्टीफन्सने रोमला आपल्या संघप्रमुखाला पत्र लिहून इच्छा कळवली की या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत. अडचणही कळवली: युरोपात चोवीस अक्षरांनी भागते, इथे जोडाक्षरे धरून सहाशे साचे पाडावे लागतील. ते साचे पडले नाहीत. मराठीचे हे पहिले मोठे छापील काव्य रोमन लिपीत निघाले. त्याच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

आणि इथेच दैवाने या कवीवर सूड उगवला, असे मला वाटते. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या राज्यकर्त्यांनी ब्राह्मणाची पुराणे काढून घेतली होती, त्यांनीच आता पाद्र्याने दिलेल्या पुराणाची भाषा काढून घ्यायला हात घातला. ग्रंथ वाचला तो माणसांनी वाचवला. गोव्यातून दक्षिण कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकला करून तो घरोघर जपला. त्या नकलांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा रोमन लिपीत छापला. एक देवनागरी हस्तलिखित मार्सडेन नावाच्या संग्राहकाबरोबर लंडनला गेले होते. ते जस्टिन अॅबट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उजेडात आणले. आणि १९५६ साली पुण्यात तो देवनागरीत छापला गेला. स्टीफन्सने मागितलेली अक्षरे त्याला पत्रानंतर तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी, आमच्या गावात मिळाली.

ही परंपरा तेवढ्यावर संपली असेही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले, पण १९१९ साली ते वारले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेची पायरी न चढलेली ही बाई. तिला ओवी कोणी शिकवावी लागली नाही. मॅट्रिकवाल्याने मिल्टनला भिऊन इतकी वर्षे काढली, याची मला लक्ष्मीबाईंकडे पाहून अधिकच लाज वाटली.

असो. आता आजीचे सांगतो.

भाऊबिजेची संध्याकाळ. बहिणी ओवाळून गेल्या होत्या, घर निवांत झाले होते. मी पेपर तपासत बसलो होतो. आजी आपणहून आली, पाटावर बसली आणि म्हणाली, "ते पुस्तक काढ."

मी चमकून पाहिले. "आजी, तुला राग आला होता ना?"

"आला होता. आहेच." ती शांतपणे म्हणाली. "पण त्या दोघांना बागेतून बाहेर काढलं, तिथे आपण थांबलो होतो. घरातून बाहेर काढलेल्याचं पुढे काय झालं, ते नको का ऐकायला?"

मी पुस्तक उघडले. पण क्षणभर अक्षरे दिसेनात. आजीने एका वाक्यात दोन्ही महाकाव्ये माझ्यापुढे उलगडून ठेवली होती. या कथेत जो तो बाहेर काढलेलाच आहे. स्टीफन्स आपल्या देशातून परागंदा झालेला. मिल्टन आपल्याच नगरात बेघर झालेला. साष्टीचा तो ब्राह्मण आपल्या पोथीतून उठवलेला. आमची देवी केळशीहून नदीपार नेलेली. आणि ज्याला बाहेर काढले, तोच संधी मिळताच दुसऱ्याला बाहेर काढणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, हेही स्टीफन्सच्या आयुष्यात लिहिलेले आहे. त्याचे काव्य कितीही आवडले तरी हे पुसता येत नाही, आणि पुसूही नये. पण त्याच रांगेतल्या माणसाने एका रिकाम्या झालेल्या माणसाचा प्रश्न ऐकला आणि उत्तर त्याच्याच भाषेत दिले, हेही तितकेच खरे.

मिल्टनच्या काव्याच्या शेवटी आदाम आणि एवा बाग मागे टाकून, हातात हात घेऊन चालू लागतात. स्वर्ग गेला, पण दोघे आहेत आणि वाट आहे. तो शेवट मी त्या रात्री आजीला मराठीत सांगितला. सोपा करून, माझ्या शब्दांत. स्नेहसंमेलनातल्या प्रश्नाचे उत्तर इतक्या वर्षांनी का होईना, दिले.

ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरोबर आहे. आपली देवीही तशीच गेली. आणि बघ, कवळ्याला दिवा लागतोच आहे."

बाहेर पणत्या तेवत होत्या. एका पणतीतले तेल संपत आले होते. आजीने उठून ते घातले आणि परत येऊन बसली.

"हं," ती म्हणाली, "वाच पुढे."